पंचवटीतल्या दोन खोल्या आणि एक वेबपान

माझी आत्या पंचवटीत राहते. काळाराम मंदिरापासून पायी पाच मिनिटं, रामकुंड तिथून थोडं खाली. घराच्या वरच्या दोन खोल्या ती यात्रेकरूंना राहायला देते. २०२७चा सिंहस्थ जवळ येऊ लागला तसा तिचा फोन थांबेनासा झाला. एका दुपारी एकीकडे कुकरच्या शिट्ट्या चालू, दुसरीकडे फोनवर ती कुणाला तरी सांगतेय, "अहो, स्टेशन नाशिकरोडला आहे, आमच्यापासून दहा किलोमीटर." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "अगं, हे सगळं एकदाच कुठंतरी लिहून ठेवता येत नाही का? लोकांनी आधी वाचावं, मग फोन करावा."

लिहून ठेवता येतं. मी तिला तिच्याच टेबलावर बसून एक वेबपान करून दिलं आणि ते करताना ज्या क्रमानं गेले त्याच क्रमानं हे सांगते आहे. तुमच्या खोल्या नसतील. बेदाणे असतील, शिकवणी असेल, गावच्या वाचनालयाची माहिती असेल. काम तेच आहे. जुना लॅपटॉप, साधं नोटपॅड आणि दोन-तीन संध्याकाळी एवढ्यात पहिलं पान उभं राहतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभारलं आणि ३० एप्रिल १९९३ला सर्ननं ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. तिथलं पहिलं संकेतस्थळ म्हणजे नुसता मजकूर आणि लिंका. ते आजही आपल्या फोनवर उघडतं. साधं पान टिकतं, हे मी तिथूनच शिकले.

आधी कागद

संगणक लगेच उघडू नका. मी आत्याला वही दिली आणि सांगितलं, "आठवडाभर जो जो फोन येईल त्याचा प्रश्न इथं लिहायचा. उत्तर लिहू नकोस, फक्त प्रश्न." आठवड्यानं वहीत तीन पानं भरली होती, पण वेगळे प्रश्न निघाले नऊच. स्टेशनवरून कसं यायचं. जिना किती पायऱ्यांचा. गरम पाणी किती वाजता. गाडी कुठं लावायची. जेवण मिळतं का. एका खोलीत किती जण. भाडं किती. आगाऊ पैसे द्यावे लागतात का. आणि एक प्रश्न जो मला सुचलाच नसता: शाही स्नान तुमच्याकडे की त्र्यंबकला?

या शेवटच्या प्रश्नासाठी पानावर तीन ओळी गेल्या. सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. दोन गावांत साधारण तीस किलोमीटरचं अंतर. नाशिककराला हे इतकं ठाऊक असतं की लिहावंसं वाटत नाही. बाहेरच्या माणसाचा मात्र त्यावरच मुक्काम ठरतो. तुमच्या पानातही अशी एखादी गोष्ट असेल. ती शोधायला प्रश्नांची वही लागतेच, कारण आपल्याला जे माहीत असतं ते आपल्याला दिसत नाही.

मग प्रश्न महत्त्वाप्रमाणे लावायचे. सगळ्यात वर एक ओळ: काय आहे, कुठं आहे, कुणासाठी आहे. आत्याची ओळ अशी झाली: "पंचवटीत, काळाराम मंदिराजवळ, कुटुंबांसाठी राहण्याच्या दोन खोल्या." 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत' हे वाक्य मी काढायला लावलं. फोनच्या छोट्या स्क्रीनवर पहिली ओळ ही सर्वांत मोलाची जागा असते आणि ती स्वागतात गेली तर माणूस माहितीपर्यंत पोचायच्या आत मागे फिरतो.

फाइल आणि सांगाडा

डेस्कटॉपवर एक फोल्डर करा. पानाची फाइल, फोटो, सगळं त्यातच ठेवायचं. नोटपॅड उघडा आणि रिकामी फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावानं सेव्ह करा. हे नाव मनानं बदलू नका. पत्त्यावर कुणी आलं की सर्व्हर, म्हणजे नेटवर आपलं पान ठेवलेला संगणक, सगळ्यात आधी याच नावाची फाइल शोधतो. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नोटपॅड गुपचूप शेवटी 'टीएक्सटी' जोडून देतं आणि पान उघडण्याऐवजी नुसता मजकूर दिसतो. त्याच खिडकीत खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, असते, तिथं यूटीएफ-८ आहे ना ते बघा.

एचटीएमएल म्हणजे मजकुराला लावलेल्या चिठ्ठ्या. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा फोटो, असं ब्राउझरला सांगायचं. चिठ्ठीला टॅग म्हणतात आणि ती गणितातल्या 'पेक्षा लहान' व 'पेक्षा मोठा' या दोन चिन्हांच्या मध्ये लिहितात. टॅग रोमन लिपीतच टाइप करायचे असतात. मी इथं ते उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. स्पेलिंग पाहायचं असेल तर संगणकावर कुठलंही साधं पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. त्या पानाची आतली बाजू समोर येते. मी अर्धं काम तसंच शिकले.

सहा-सात टॅगवर पान होतं. एच-वन म्हणजे मुख्य शीर्षक, पानात एकदाच. एच-टू म्हणजे उपशीर्षक. आत्याचा प्रत्येक प्रश्न एच-टू झाला. पी म्हणजे परिच्छेद. यूएल आणि एलआय म्हणजे यादी आणि तिच्यातली ओळ. ए म्हणजे लिंक, आयएमजी म्हणजे फोटो. उघडलेला टॅग बंद करायला विसरू नका, म्हणजे मजकुरानंतर तोच टॅग आत तिरकी रेघ घालून पुन्हा लिहायचा. तिरकी रेघ राहिली की पुढचा सगळा मजकूर शीर्षकाएवढा मोठा होऊन बसतो. आयएमजीला मात्र बंद करणारा जोडीदार नसतो.

पानाच्या वरच्या भागात, म्हणजे 'हेड'मध्ये, चार गोष्टी हव्यातच. पहिली, मेटा कॅरसेट यूटीएफ-८. ही हेडमधली पहिली ओळ असू द्या, कारण ब्राउझर ही सूचना फाइलच्या सुरुवातीच्या १०२४ बाइटांतच शोधतो. ती सापडली नाही तर मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसू शकते. दुसरी, मेटा व्ह्यूपोर्ट. ती नसेल तर फोन पानाला संगणकाएवढं रुंद समजतो आणि अक्षरं मुंगीएवढी दाखवतो. तिसरी, टायटल, गूगलच्या निकालात बहुतेक वेळा हेच निळ्या अक्षरांत दिसतं. चौथी, मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे दोन वाक्यांत पानाची ओळख. आणि अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' लिहून त्यात मराठीचा कोड, म्हणजे एम-आर ही दोन अक्षरं. या दोन अक्षरांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

मराठी मराठीसारखी दिसावी म्हणून

मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळीच्या जाहिराती. तेव्हा आमची मराठी जुन्या फॉन्टांत असायची. फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असायचे आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवायचा. फॉन्ट काढला की मराठी गेलीच. माझ्या पहिल्या वेबपानाचं तेच झालं. माझ्या संगणकावर सुरेख दिसायचं. पुण्याच्या बहिणीनं उघडलं तर तिला इंग्रजी अक्षरांचा नुसता खच दिसला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण चूक शोधायला गेले तर मजकुरात मराठी नव्हतीच.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. 'क' हा सगळीकडे 'क'च राहतो, फॉन्ट कुठलाही असो. म्हणून जुन्या फाइलीतला मजकूर सरळ चिकटवू नका. आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळन् ओळ वाचून काढा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास सुटतात. शक्य असेल तर पुन्हाच टाइप करा. फोनवरचा मराठी कीबोर्ड असो की संगणकावरचा इनस्क्रिप्ट, दोन्हीतून युनिकोडच येतं.

दुसरी चूक त्याहून जास्त दिसते आणि मला ती जास्त लागते: मराठी मजकूर चित्रात टाकणं. बॅनर करून घेतात, त्यात नाव, पत्ता, दर सगळं, आणि ते चित्र पानावर ठेवून देतात. त्यातला पत्ता कॉपी होत नाही, शोधात तो मजकूर म्हणून भरवशानं सापडत नाही. दृष्टिहीन माणसाचा फोन पान वाचून दाखवतो, तो अशा चित्रापाशी गप्प होतो किंवा नुसतं 'इमेज' म्हणतो. जे वाचायचं आहे ते अक्षरांतच लिहा. चित्र फक्त पाहण्याच्या गोष्टीचं असू द्या.

आता ती दोन अक्षरं. हिंदी आणि मराठी एकाच लिपीत असल्या तरी वळण वेगळं. आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शाळेत गिरवलेला असतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पान मराठी आहे असं सांगितलं की फॉन्ट मराठी वळण पुढे करतो. वाचून दाखवणाऱ्या फोनलाही त्यामुळे मराठी आवाज निवडता येतो. दोन अक्षरांत एवढं काम होतं, तरी कितीतरी मराठी पानांवर तिथं इंग्रजीचाच कोड राहून गेलेला असतो.

टाइप करताना 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' नीट जमवा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'पायऱ्या' लिहायच्या तिथं 'पायर्या' झालं तर वाचणाऱ्याला खडा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये खाली नुक्ता असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'य' असा क्रम आहे. 'ॲ'सुद्धा स्वतंत्र अक्षर आहे, २००८ साली युनिकोडमध्ये आलं. 'अ'वर चंद्र जोडायची जुनी खटपट आता नको, ती काही फोनवर फुटून दिसते.

दिसण्याबाबत माझे तीन आग्रह आहेत. ओळींमधली जागा, म्हणजे लाइन-हाइट, १.७ ठेवा. आपल्या वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात ते एकमेकांना भिडतात. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आणि तिरकी अक्षरं टाळा. देवनागरीला ती मूळची नाहीत, जोर द्यायचा तर ठळक करा. फॉन्टसाठी मुक्त, नोटो सान्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी एक घ्या, तिन्ही मोफत आहेत. पण एकच घ्या. आत्याच्या पानावर मी एकही घेतला नाही, फोनमध्ये असलेलाच वापरला. का ते पुढे येईलच.

बाकीच्या सजावटीला सीएसएस म्हणतात आणि सुरुवातीला त्याच्या सहा-सात ओळी पुरतात: अक्षरांचा आकार १८ पिक्सेल, मजकुराची रुंदी जास्तीत जास्त ६५० पिक्सेलच्या आसपास, फोटोची रुंदी शंभर टक्क्यांपलीकडे नाही, पांढऱ्यावर जवळजवळ काळी अक्षरं. फिकट करड्या अक्षरांची फॅशन घाटावरच्या उन्हात वाचता येत नाही. वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं असं दिलं आहे. ते मोजून देणारी मोफत साधनं नेटवर आहेत.

वजन

गर्दीत नेटवर्क बसतं. रामकुंडावर साध्या पर्वणीलाही फोनवर पान लवकर उघडत नाही, आणि सिंहस्थात तर हजारो फोन एकाच टॉवरला लागलेले असणार. नेमका तेव्हाच कुणीतरी पिशव्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आत्याचं पान उघडणार. म्हणून पान हलकं हवं.

हिशोब सोपा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आत्याचा सगळा मजकूर जवळपास साडेतीन हजार चिन्हांचा, म्हणजे दहा केबी. आणि फोननं काढलेला खोलीचा एकच फोटो तीन एमबी. एका फोटोच्या वजनात तसा मजकूर तीनशे वेळा मावला असता. सेकंदाला अर्धा मेगाबिट असं रडतखडत नेट असेल तर तो फोटो यायला ४८ सेकंद लागतात. दीडशे केबीचा केला तर अडीच.

फोटो लहान करायला स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. रुंदी १२०० पिक्सेल करा, प्रकार वेबपी निवडा, गुणवत्ता ७५ च्या आसपास ठेवा आणि शेजारी दिसणारा आकार बघा. दीडशे केबीच्या आत आला की झालं. आत्याच्या पानावर चारच फोटो आहेत: खोली, न्हाणीघर, जिना आणि गल्लीच्या तोंडाचा. न्हाणीघराचा फोटो ठेवायला ती लाजत होती, पण फोन करणाऱ्या बायका तेच विचारतात. फॉन्ट का घेतला नाही तेही आता कळलं असेल. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल बऱ्यापैकी जड होते आणि ती येईपर्यंत काही फोनवर मजकूर कोराच राहतो.

प्रत्येक फोटोला 'आल्ट' लिहा, म्हणजे फोटो न दिसल्यास वाचायचं वाक्य. "जिना, सोळा पायऱ्या, डाव्या बाजूला कठडा." असं लिहा, नुसतं 'फोटो' लिहून कुणाला काही कळत नाही. फोटो स्वतः काढा. गूगलवरून उचललेला रामकुंडाचा देखणा फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. फोनचे फोटो कुठं काढले ती जागाही स्वतःत नोंदवून ठेवतात. घरचा धंदा असेल आणि पत्ता जाहीर करायचा नसेल तर फोटो चढवण्याआधी ती नोंद काढून टाका.

फाइलींची नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. माझ्या लॅपटॉपवर सगळे फोटो दिसत होते, नेटवर चढवल्यावर एकही दिसेना. विंडोजला मोठं आणि छोटं अक्षर सारखंच वाटतं, सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं होतं, पानात छोटं. नाव मराठीत ठेवलं तर लिंक कॉपी करताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ तयार होते, तेही नको.

फोन आणि पत्ता

पहिल्या पानावर फॉर्म ठेवू नका. साध्या एचटीएमएल पानाला भरलेला फॉर्म साठवता येत नाही, त्यासाठी वेगळी सेवा लागते. आधारचे फोटो वगैरे तर पानावरून मुळीच मागवू नका. लोकांची कागदपत्रं सांभाळणं ही मोठी जबाबदारी आहे. फोनची लिंक पुरे. लिंकमध्ये 'टेल', विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे अधिक ९१सह क्रमांक. व्हॉट्सॲपसाठी 'डब्ल्यूए डॉट एमई'नंतर तिरकी रेघ आणि ९१सह क्रमांक, इथं मात्र अधिकचं चिन्ह नको. लिंकमधले आकडे रोमन १-२-३ मध्येच हवेत, देवनागरी आकड्यांनी फोन लागत नाही. पानावर दिसणारा क्रमांकही मी रोमन आकड्यांत ठेवला, कारण तमिळनाडूहून आलेल्या माणसालाही तो वाचता आला पाहिजे. त्याच कारणानं एक हिंदी आणि एक इंग्रजी पान वेगळ्या फाइलींत केलं आणि तिन्ही पानांवर एकमेकांच्या लिंका दिल्या. एकाच पानात तीन भाषांची खिचडी केली असती तर प्रत्येकाला दोन तृतीयांश पान ओलांडावं लागलं असतं.

पत्ता लिहिताना नाशिककरासारखा लिहू नका. 'निमाणीच्या पुढं डावीकडं' हे आपल्याला कळतं. आत्याच्या पानावर आधी नाशिकरोड स्टेशनवरून, मग सीबीएस बसस्थानकावरून, मग स्वतःच्या गाडीनं, असे तीन छोटे परिच्छेद आहेत आणि खाली नकाशाची लिंक.

नेटवर चढवणं

आधी घरीच तपासा. फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती ब्राउझरमध्ये उघडते. मग खिडकी फोनएवढी अरुंद करून बघा. ओळी बाजूला पळतायत का, फोटो बाहेर येतोय का, एवढं पाहिलं की पुरे.

फोल्डर नेटवर ठेवण्यासाठी मोफत जागा आहेत. गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस ही माझ्या वापरातली. गिटहब शिकायला उत्तम, पण धंद्याचं किंवा दुकानाचं संकेतस्थळ मोफत चालवण्यासाठी ते नाही असं त्यांच्या नियमांतच लिहिलं आहे. वाचनालयाची माहिती, भटकंतीच्या नोंदी, कविता यांसाठी ते घ्या. आत्यासाठी मी क्लाउडफ्लेअर घेतलं. खातं उघडायचं, नवा प्रकल्प करायचा, 'अपलोड' निवडून अख्खा फोल्डर ओढून टाकायचा. मिनिटाभरात 'पेजेस डॉट डेव्ह' असा शेवट असलेला पत्ता मिळतो आणि कुलपाचं सुरक्षित चिन्हसुद्धा, म्हणजे एचटीटीपीएस, आपोआप. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर साध्या पानाला ते देऊ नका.

पत्त्यात स्वतःचं नाव हवं असेल तर डोमेन, म्हणजे नेटवरचा स्वतःचा पत्ता, विकत घ्यावं लागतं. 'डॉट इन' घ्या, ते भारताचं आहे. 'डॉट भारत'सुद्धा आहे आणि तो देवनागरीत लिहिता येतो, मला मनापासून आवडतो. पण बाहेरच्या माणसाला तो टाइप करता येईलच असं नाही, म्हणून दुसरा म्हणून घ्यावा, पहिला नको. किंमत बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बघू नका, नूतनीकरणाचा बघा. पहिल्या वर्षी स्वस्त आणि पुढे दुप्पट-तिप्पट हा सर्रास प्रकार आहे.

इथं मला कळकळीनं एक गोष्ट सांगायची आहे. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या पैशांनी घ्या. आमच्या बचत गटानं काही वर्षांपूर्वी पापड-कुरडयांसाठी संकेतस्थळ करून घेतलं होतं. करून देणाऱ्यानं डोमेन त्याच्याच खात्यात घेतलं. आम्हाला कुणालाच हे विचारायचं सुचलं नाही. दोन वर्षांनी तो फोन उचलेनासा झाला, मुदत संपली, पत्ता दुसऱ्याच कुणी घेतला. पाकिटांवर मात्र तोच पत्ता छापलेला. उरलेल्या पाकिटांवर बायकांनी रात्र रात्र बसून चिकटपट्ट्या लावल्या. पान कुणाकडूनही करून घ्या, हरकत नाही. डोमेनच्या खात्याचा पासवर्ड मात्र तुमच्या घरात असला पाहिजे. ईमेल असा द्या की जो तुम्ही खरंच उघडता, कारण मुदत संपत आल्याची सूचना त्यावरच येते.

डोमेन आणि पान जोडायचं काम डीएनएसमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कुठं न्यायचा याच्या नोंदींत, होतं. तिथं जागा देणारी कंपनी जे सांगेल तेच अक्षरन् अक्षर भरा आणि मग थांबा. कधी दहा मिनिटांत होतं, कधी दुसरा दिवस उजाडतो. या काळात घाबरून पुन्हा पुन्हा बदल करू नका, गुंता वाढतो.

लोकांपर्यंत

आपल्याकडे पान पसरतं ते व्हॉट्सॲपवर. लिंक पाठवली की खाली चौकटीत फोटो आणि दोन ओळी दिसतात, त्या आपोआप चांगल्या येत नाहीत. हेडमध्ये ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शन आणि ओजी इमेज असे तीन मेटा टॅग घाला. फोटोचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहा आणि फोटो तीनशे केबीच्या आत ठेवा. एकदा पाठवलेल्या लिंकची चौकट व्हॉट्सॲप लक्षात ठेवतं, त्यामुळे सुधारणा केली तरी जुनंच दिसत राहतं. तेव्हा पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एक आकडा लावून पाठवा, बहुधा नवी चौकट येते.

गूगलला कळवण्यासाठी त्यांच्याच सर्च कन्सोल या साधनात पान स्वतःचं आहे हे सिद्ध करून तपासणीसाठी द्या. दिसायला काही दिवस लागतात, कधी आठवडेही. गूगल नकाशावर नोंद असेल तर तिथं हा पत्ता जोडा.

फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. बदल करायचा तो आधी आपल्या फाइलीत आणि मग पुन्हा अपलोड, हाच क्रम. भाडं बदललं की पान त्याच दिवशी बदला. जुना दर वाचून आलेल्या पाहुण्याशी दारात वाद घालण्याची वेळ आत्यावर एकदाही येऊ नये असं मला वाटतं.

पान चढवून झालं त्या रात्री आम्ही दोघी वायफाय बंद करून रामकुंडाकडे चालत गेलो. गर्दी होती. आत्यानं तिच्या जुन्या फोनवर पान उघडलं, दोन-तीन सेकंद लागले. तिनं पहिली ओळ मोठ्यानं वाचली, मग जिन्याची, मग भाड्याची. "सगळं आहे गं," म्हणाली.

तीन दिवसांनी सोलापूरहून एका मुलीचा फोन आला. तिनं पान वाचलेलं होतं, स्टेशनचं विचारलं नाही, भाड्याचं विचारलं नाही. तिच्या आजोबांची चाकाची खुर्ची होती. खोली वर आहे हे तिला कळलं होतं, पण खाली एखादी रात्र काढता येईल का आणि दारातून खुर्ची आत येईल का, एवढंच तिला हवं होतं. आत्यानं मला बोलावलं. आम्ही टेप घेऊन पुढचं दार मोजलं: एकतीस इंच, उंबरा दोन इंचांचा. मी लॅपटॉप उघडून ती ओळ घातली, खालच्या बैठकीच्या खोलीबद्दल आणखी एक वाक्य लिहिलं आणि फोल्डर पुन्हा चढवला. मग आत्यानं त्या मुलीला फोन लावला आणि खुर्चीची रुंदी विचारली.